हलाल प्रमाणपत्र नक्की कुणाला लागतं? बचतगट, छोटे शेतकरी आणि आखाती गिऱ्हाईक

कोकमसरी

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

आमचा महिला गट मंडणगड तालुक्यातला. वरच्या कुणबीवाडीतल्या आणि खाडीकडच्या मोहल्ल्यातल्या बायका मिळून. 'उमेद'मधून गट झाला तेव्हा नुसती बचत होती. मग आंबापोळी, फणसपोळी, कोकम आगळ, अमृत कोकम असं करत गेलो आणि गेल्या दिवाळीपासून नाचणीची बिस्किटंही. एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, वर्षाला शंभर रुपयेवाली नोंदणी आहे. माल दापोली-महाडच्या दुकानांत जातो आणि मे महिन्यात चाकरमान्यांच्या पिशव्यांतून मुंबईला.

मोहल्ल्यातल्या एका घरचा मुलगा शारजात किराणा दुकान चालवतो. सुट्टीवर आला होता, सगळं चाखून बघितलं, आवडलं. म्हणाला, "पाठवा पाचेकशे पाकिटं, पण हलालचं सर्टिफिकेट असेल तर बरं पडेल." आमच्या खजिनदार आपा हसायलाच लागल्या. "कोकमाला कसला हलाल-हराम? झाडावरून पडलं की झालं!" पण ऑर्डर सोडवतही नाही.

तर: आमच्या कुठल्या मालाला हे प्रमाणपत्र खरंच लागतं? कोण देतं? एका गटाला खर्च झेपण्यासारखा असतो का, की चार गट मिळून घेता येतं? आणि गटातल्या बऱ्याच जणींकडे दोन-चार शेळ्या आहेत, बकरी ईदच्या आधी विकतात. त्यात या कागदाने काही फरक पडतो का?

---

वाशीकर

ताई, मी वाशीला निर्यातीच्या कागदपत्रांचं काम करतो, म्हणून आधी कोरडं सांगतो.

आंबापोळी आणि आगळ यांना संयुक्त अरब अमिरातीत शिरायला हलाल प्रमाणपत्र लागत नाही. सक्ती आहे ती मांस, कोंबडी आणि त्यांच्यापासून बनलेल्या पदार्थांना. बाकी मालावर तुम्ही स्वतःहून 'हलाल' असा शिक्का छापलात, तर मात्र तो त्यांनी मान्य केलेल्या संस्थेकडूनच घेतलेला असावा लागतो. आखाती देशांचं या बाबतीतलं मानक जीएसओ २०५५. त्याचा पहिला भाग अन्नाबद्दल, दुसरा प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था कशा असाव्यात याबद्दल. म्हणजे नुसता शिक्का पुरत नाही; शिक्का मारणाराही तिकडच्या यादीत असावा लागतो. इथेच लहान लोक फसतात. गावाजवळच्या कुणाकडून तरी कागद घेतात, पैसे मोजतात, आणि तिकडे तो कागद बघून कुणी मानही वर करत नाही.

त्या मुलाला आधी एवढंच विचारा: "तुला कायद्यासाठी हवंय की गिऱ्हाइकासाठी?" माझा अंदाज, त्याला पुढे एखाद्या सुपरमार्केटात माल ठेवायचा असेल. तिथले खरेदीवाले सरसकट मागतात, कारण प्रत्येक पाकिटाचा अभ्यास करत बसण्यापेक्षा ते सोपं पडतं.

आणि ताई, माल अडकतो तो हलालवरून नाही, लेबलवरून. अरबी भाषेत घटकांची यादी हवी. उत्पादनाची आणि संपण्याची तारीख छापील हवी. पेनाने लिहिलेली तारीख चालत नाही, वरून डकवलेली तर नाहीच. गटांच्या पाकिटांवर हमखास पेन चालवलेलं असतं.

---

पेक्टिन

अन्नतंत्रज्ञानात काम करते, म्हणून घटकांचं मी सांगते.

आगळात कोकम आणि मीठ, प्रश्नच नाही. अमृत कोकमात साखर. कुणीतरी आता 'साखर हाडांच्या कोळशाने साफ करतात' असं लिहीलच, म्हणून आधीच सांगते: आपल्याकडचे कारखाने नेहमीची पांढरी साखर गंधकाच्या धुरीने करतात. आंबापोळी, फणसपोळी निव्वळ फळ आणि साखर असेल तर तीही मोकळी.

तुमची गोम बिस्किटांत आहे. डाल्डा किंवा मार्गारीन वापरता का? डब्यावर 'इमल्सिफायर आयएनएस ४७१' असं असेल. ते वनस्पती तेलातूनही करता येतं आणि प्राण्यांच्या चरबीतूनही. आपल्याकडे हिरवा ठिपका असलेल्या डब्यात ते वनस्पतीचंच असणार, पण हलालची तपासणी करायला येणारा लेखापरीक्षक ठिपका बघून ऐकत नाही, पुरवठादाराचं पत्र मागतो. दुसरं म्हणजे व्हॅनिला इसेन्स. बाजारातल्या काही इसेन्सचा आधार अल्कोहोल असतो, काहींचा प्रॉपिलीन ग्लायकॉल. हिरवा ठिपका दोन्हींवर असतो! शाकाहारी म्हणजे आपोआप हलाल असं समजणाऱ्यांची गाडी इथे अडते. आपल्या ठिपक्याला दूध-मध सोडून प्राण्याचा अंश चालत नाही. दारूबद्दल तो काही बोलत नाही.

जेली, मार्शमेलो, कॅप्सूल यांत बऱ्याचदा जिलेटिन असतं, म्हणजे प्राण्यांच्या कातडी-हाडांपासून काढलेला चिकट पदार्थ. फळांचा रस नितळ करायलाही काही ठिकाणी जिलेटिन वापरतात आणि ते लेबलवर दिसत नाही. चीजसाठी दूध फाडायला वापरतात ते रेनेट हा आणखी एक, तेही प्राण्याचं असू शकतं. एवढ्या चार-पाच गोष्टी सोडल्या तर गावपातळीवरच्या मालात शंका घ्यावी असं फारसं काही नसतं.

नाचणीच्या बिस्किटाला व्हॅनिला हवाच कशाला? वेलची घाला.

---

उलटतपासणी

सगळे व्यवस्थित तांत्रिक बोलताहेत, पण मूळ प्रश्न कुणी विचारत नाही म्हणून विचारतो. कोकणातल्या कुणबी बाईने पिकवलेल्या फळाला एका धर्माच्या संस्थेचा दाखला का लागावा, आणि त्याचे पैसे तिने का मोजावेत? उत्तर प्रदेशाने १८ नोव्हेंबर २०२३ ला हलाल-प्रमाणित मालाचं उत्पादन, साठवण, विक्री यांवर बंदी आणली ती याच मुद्द्यावर, की अन्नाचा दर्जा ठरवायला सरकारी यंत्रणा असताना समांतर व्यवस्था नको. निर्यातीला त्यातून सूट ठेवली, तेही नोंदवतो. आपल्याकडे मार्च २०२५ मध्ये झटका, म्हणजे एका घावात कापलेल्या, मटणासाठी 'मल्हार' प्रमाणपत्राची घोषणा झाली. उद्या प्रत्येक जातीधर्माचा शिक्का पाकिटावर येणार का? पाकिटावर नाव छापायला तरी जागा उरेल का?

---

धागाराखण (संचालक)

सूचना: उत्तर प्रदेशची बंदी आणि 'मल्हार' यांवर इथे आधीच दोन धागे रक्ताळलेले पडले आहेत. त्यांचा उल्लेख चालेल, कुस्ती तिकडे. इथे कोकमसरी यांचा माल विकला कसा जाईल ते बघू.

---

वाशीकर

उलटतपासणी, निर्यातीच्या धंद्यात हा प्रश्न कुणी विचारत नाही, कारण गिऱ्हाईक मागतं ते द्यायचं. इस्रायलला किंवा अमेरिकेतल्या काही खरेदीदारांना कोशर, म्हणजे ज्यू धर्मनियमांचा दाखला, लागतो. जर्मनीला सेंद्रियचा दाखला लागतो, युरोपातल्या दुकानांना ग्लोबलगॅप हे शेतीपद्धतीचं प्रमाणपत्र लागतं. द्राक्षवाल्यांनी ते पैसे भरले, कुरकुर केली आणि माल विकला. तुमचा मुद्दा देशातल्या देशात विकल्या जाणाऱ्या मालाबद्दल असेल तर त्यावर चर्चा होऊ शकते. शारजाच्या दुकानात काय मागावं हे मात्र मंडणगडात बसून ठरत नाही.

आणि मांसाच्या निर्यातीत आता सरकारच मधे आलं आहे. विदेश व्यापार महासंचालनालयाच्या अधिसूचनेनुसार १६ ऑक्टोबर २०२४ पासून पंधरा देशांना 'हलाल' म्हणून मांस पाठवायचं तर तो कारखाना 'आय-कॅस हलाल' योजनेखाली प्रमाणित हवा, आणि ते प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेला भारतीय गुणवत्ता परिषदेच्या मंडळाची मान्यता हवी. यादीत अमिराती, सौदी, कुवेत, ओमान, कतार, बहारीन आहेतच, शिवाय मलेशिया, इंडोनेशिया, सिंगापूर, फिलिपिन्ससुद्धा. म्हणजे 'समांतर व्यवस्था' ही तक्रार निदान मांसापुरती तरी सरकारने अंगावर घेतली.

---

नानकटाई

सलाम, नमस्कार. आमची मिरजेला वडिलांपासूनची छोटी बेकरी. नानकटाई, खारी, टोस्ट. आजवर आमच्या दुकानात येऊन कुणी हलालचा कागद मागितलेला नाही. मागेल कशाला? अब्बांना सगळे ओळखतात, डबे उघडे असतात, भट्टी समोर. शेजारचे जैन गिऱ्हाईकही अंडं नसलेली खारी विश्वासानेच नेतं.

कागद मागितला गेला तो आमचा माल पुण्याला एका मोठ्या दुकानात ठेवायचं ठरलं तेव्हा. तिथे अब्बांना कोण ओळखणार? तेव्हा आमच्या लक्षात आलं की ओळख जिथे संपते तिथून कागद सुरू होतो. त्यात धर्म आहेच, नाही कशाला म्हणू. पण धंद्यातला निम्मा भाग हा आहे.

आम्ही शेवटी काय केलं ते सांगतो. प्रमाणपत्र घेतलंच नाही. दुकानदाराला घटकांची यादी, मार्गारीनवाल्या कंपनीच्या हलाल प्रमाणपत्राची प्रत आणि इसेन्सवाल्याचं पत्र असं एकत्र दिलं. तो तयार झाला. मोठ्या कंपन्यांचा कच्चा माल बऱ्याचदा आधीच प्रमाणित असतो. त्याची प्रत मागितली की मिळते. छोट्याने पहिली पायरी ही चढावी. फी त्यानंतरचा विचार.

कोकमसरी, पैशांचं विचारताय तर मोहल्ल्याच्या जमातीशी बोलून बघा. तुमच्या कोकणातल्या जमाती आखाती पैशामुळे आमच्यापेक्षा भक्कम असतात. बिनव्याजी उसने देण्याची, म्हणजे कर्ज-ए-हसनाची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. फक्त जकातीचे, म्हणजे इस्लामातल्या सक्तीच्या दानाचे, पैसे मागू नका. ते गरिबाच्या हातात पडायला हवेत असा नियम आहे. यंत्राला, फीला लावण्यावर उलेमांत, म्हणजे धर्मपंडितांत, वाद. त्यापेक्षा एखाद्या गरीब विधवेला त्यातून शेळी घेऊन द्या.

---

उलटतपासणी

नानकटाई, तुमचा प्रतिसाद पटला. म्हणजे प्रमाणपत्राशिवायही होतं. हेच म्हणत होतो.

---

नानकटाई

भाऊ, पुण्यापर्यंत झालं. शारजाचं ठाऊक नाही. :)

---

बांडुंगचा_पाहुणा

मूळचा इचलकरंजीचा, गेली काही वर्षं इंडोनेशियात बांडुंगजवळ कापडगिरणीत नोकरी. हा विषय इथे रोजच्या बोलण्यातला आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. आपल्याकडे हा प्रश्न 'घ्यावं की न घ्यावं' असा आहे. इथे कायद्याने घ्यावंच लागतं, आणि मग लाखो टपरीवाल्यांचं करायचं काय, हा सरकारपुढचा प्रश्न झाला.

२०१४ चा कायदा क्रमांक ३३. त्याआधी हे काम उलेमांच्या परिषदेची संस्था १९८९ पासून ऐच्छिक पद्धतीने करत होती. तिच्या स्थापनेलाही कारण घडलं होतं: १९८८ मध्ये एका विद्यापीठातल्या संशोधकाने रोजच्या खाण्यातल्या पदार्थांत डुकराची चरबी असल्याचं मांडलं आणि देशभर लोकांनी बिस्किटं, नूडल्स घेणं सोडलं. मोठमोठ्या कंपन्या हादरल्या. नव्या कायद्याने अधिकार बीपीजेपीएच या सरकारी संस्थेकडे गेला. खाद्यपदार्थ, पेयं आणि कत्तल यांच्यासाठी १७ ऑक्टोबर २०२४ ही शेवटची तारीख होती. सूक्ष्म आणि लघु उद्योगांची तयारीच नाही हे दिसल्यावर त्यांना १७ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मुदत दिली.

मला जे शिकण्यासारखं वाटतं ते पुढे. छोट्यांसाठी 'स्वयंघोषणा' हा वेगळा मार्ग काढला. आमच्या गल्लीत एक इबू, म्हणजे बाई, टेम्पेचे काप तळून विकते. टेम्पे म्हणजे बुरशीने बांधलेली सोयाबीनची वडी. तिच्याकडे 'पेन्दाम्पिंग' आली. शब्दशः सोबती. ही शिक्षिका, मदरशातली मुलगी, महाविद्यालयातला विद्यार्थी, कुणीही असू शकते. प्रशिक्षण घेऊन नोंदलेली. तिने घरी येऊन तेल कुठलं, मीठ कुठलं, सोयाबीन कुठून, कढई आणखी कशाला वापरतेस, असं विचारलं, फोटो काढले, मोबाइलवर अर्ज भरला. धंद्याचा नोंदणी क्रमांकही तिथेच काढून दिला. तो आधी नव्हताच! पुढे धार्मिक समितीचा निर्णय आणि प्रमाणपत्र. याची सरकारी किंमत २ लाख ३० हजार रुपिया, आपले साधारण बाराशे रुपये, आणि 'सेहाती' नावाच्या मोफत योजनेत तेही सरकारच भरतं. सोबतीला मानधन मिळतं. घटक किंवा कृती बदलली नाही तर नूतनीकरणही नाही, आधी ते दर चार वर्षांनी होतं.

इबूची विक्री त्यामुळे वाढली का? गल्लीत नाही. गल्लीला ती माहीतच आहे, नानकटाईंनी लिहिलंय तसं. पण त्या नोंदणी क्रमांकावर तिला बँकेचं छोटं कर्ज मिळालं आणि रेल्वे स्टेशनातल्या भेटवस्तूंच्या दुकानात तिची पाकिटं गेली. म्हणजे हलालच्या निमित्ताने ती पहिल्यांदा सरकारदरबारी धंदेवाईक म्हणून मोजली गेली.

आता दुसरी बाजू. तपासणी ढिली पडते. २०२३ मध्ये द्राक्षाच्या एका पेयाला याच स्वयंघोषणेतून प्रमाणपत्र मिळालं आणि विकणाऱ्याने ते चक्क 'हलाल वाइन' म्हणून खपवलं. बोंबाबोंब झाली, प्रमाणपत्र रद्द झालं. एप्रिल २०२५ मध्ये नऊ उत्पादनांत डुकराचे अंश सापडल्याचं जाहीर झालं, त्यांतल्या सातांवर हलालचा शिक्का होता. ती बहुतेक परदेशातून आलेली मार्शमेलो, म्हणजे नेहमीच्या पद्धतीने कागद मिळालेला माल. तेव्हा महागडी तपासणी म्हणजे पक्की तपासणी असंही नाही.

आणि खरा गुंता मांसाचा. स्वयंघोषणा मांसाला चालते, पण मांस प्रमाणित कत्तलखान्यातलं असेल तरच. बाजारात कोंबडी कापणारा साधा माणूस प्रमाणित नसला की त्याच्याकडून घेणाऱ्या सगळ्या टपऱ्या अडतात. बाक्सो म्हणजे इथले मांसाचे गोळे; त्यांचं मांस बाजारातल्या सामाईक गिरणीत दळतात. ती गिरणी प्रमाणित नाही तोवर गाडीवाला कितीही स्वच्छ असो, त्याचा अर्ज पुढे जात नाही. एका गिरणीला कागद मिळाला की शंभर गाड्या सुटतात. सरकारला पैसे कुठे घालावेत हे कळायला इथेही वेळ लागला.

अवांतर: बांडुंगचं 'पेउयम' म्हणजे आंबवलेला कसावा. त्यात अल्कोहोल तयार होतं, खाताना वासही येतो, आणि तरी ते हलाल धरतात, कारण ती दारू नाही आणि नशा चढत नाही. पेक्टिनताई, तुमच्या कोकम सरबताला चुकून फेस आला तर लगेच घाबरू नका.

---

पेक्टिन

फेस आला तर घाबरायलाच हवं, पण हलालसाठी नाही, बाटली फुटेल म्हणून! अमृत कोकमात साखर कमी पडली की आंबतं. साखरेचं प्रमाण मोजायला रिफ्रॅक्टोमीटर घ्या, हातात धरायचा साधा मिळतो. गटांनी प्रमाणपत्राआधी घ्यायची वस्तू ती.

---

काळी_शेळी

राम राम. मी कळंब तालुका, धाराशिव. उस्मानाबादी शेळ्या. शेळ्यांचा प्रश्न कुणी घेईना म्हणून लिहितो.

ताई, शेळी जिवंत विकता तोवर तुम्हाला कसलाच हलालचा कागद लागत नाही. हलाल ठरतं कापताना. कोण कापतं, कसं कापतं, नाव कुणाचं घेतं. शेळी कुणब्याने पाळली की धनगराने की मुसलमानाने, फरक पडत नाही. दाखला कत्तलखान्याचा असतो. तो शेतकऱ्याच्या दारी कधी येत नाही आणि त्याचा पैसाही येत नाही. निर्यातीचं मटण दुबईला विमानाने जातं, पण आमच्या बाजारात दर तोच.

मग शेतकऱ्याच्या हातात काय? गिऱ्हाइकाच्या अटी माहीत असणं. कुर्बानीचा बोकड वर्षाचा पुरा झालेला हवा. व्यापारी दात बघतो: अदात म्हणजे दुधाचे दात, तो मागे सारतो, दोन दाती झाला की हात पुढे येतो. लंगडा नको, आंधळा नको, मरतुकडा नको, शिंग बुडातून मोडलेलं नको, कान-शेपूट तुटलेली नको. आमच्याकडे म्हाताऱ्या लोकांना कान कापून खूण करायची सवय. खूण बारीक असली तर ठीक. मोठा तुकडा उडवला की चांगला पोसलेला बोकड ईदच्या बाजारात बाजूला पडतो आणि खाटकाच्या भावाने जातो. खूण करायचीच तर सरकारी बारा आकडी पिवळा बिल्ला मारून घ्या. विम्यालाही तोच लागतो.

दुसरी गोष्ट काटा. व्यापारी कमरेवर हात दाबून अंदाज सांगतो आणि उक्ता सौदा करतो. त्याचा अंदाज कधी चुकत नाही, तो मुद्दाम कमी सांगतो. आम्ही गावातल्या दहा-बारा जणांनी मिळून टांगायचा डिजिटल काटा घेतला आणि ठरवलं, ईदच्या आधी वजनावरच विकायचं, उक्तं नाही. पहिल्या वर्षी व्यापारी आलेच नाहीत, रुसले. पुढच्या वर्षी आले, कारण एका गावात एकदम चाळीस-पन्नास एकसारखे बोकड त्यांना दुसरीकडे मिळेनात. जिवंत वजनाच्या निम्म्याच्या आसपास मटण पडतं हे त्यांना पाठ असतं, आता आम्हालाही पाठ झालंय.

मुंबईतून थेट गिऱ्हाईक मिळवायचं तर देवनारच्या जनावरांच्या बाजारात जाऊन उभं राहणं एकट्याचं काम नाही. गाडीभाडं, चारा, तिथे राहणं. पाच घरांचे बोकड एका गाडीत भरून दोघांनी जायचं, बाकीच्यांनी घरी बसून विश्वास ठेवायचा. तो विश्वास गावात असला तर फायदा आहे, नसला तर दलालच बरा.

---

उलटतपासणी

काळी शेळी, जबरदस्त प्रतिसाद. कान कापण्याचं माहीतच नव्हतं.

पण मग माझा मूळ मुद्दा बघा. कत्तलखान्याला कागद, निर्यातदाराला कागद, सुपरमार्केटला कागद, शेतकऱ्याला काय?

---

काळी_शेळी

शेतकऱ्याला हिशोब, भाऊ. तोही मागितला तर.

---

वाशीकर

उलटतपासणींच्या प्रश्नात दम आहे, त्यामुळे गटांच्या बाजूने लिहितो.

सेंद्रियमध्ये शेतकऱ्यांना गटाने उभं राहता येतं. पीजीएस-इंडिया या सरकारी योजनेत किमान पाच शेतकऱ्यांचा गट एकमेकांच्या शेताची पाहणी करून दाखला मिळवतो. एनपीओपी, म्हणजे राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाच्या, नव्या नियमांत २५ ते ५०० शेतकऱ्यांचा गट एका प्रमाणपत्राखाली येतो. द्राक्षांत तर १९९१ साली महाग्रेप्स उभी राहिली ती सहकारी संस्था एकत्र येऊनच, आणि पुढे युरोपच्या अटी एकेका बागायतदाराने नव्हे, सगळ्यांनी मिळून पेलल्या.

हलालमध्ये तसं शेतकऱ्यांच्या गटाला दाखला देण्याची चाल आपल्याकडे नाही. दाखला जागेला आणि उत्पादनाला मिळतो. दहा घरांत दहा ओटे असतील तर लेखापरीक्षक दहा ठिकाणी जाणार, आणि त्याचा प्रवासखर्च तुमच्यावर. त्यामुळे चार गटांनी मिळून एक दाखला घ्यायचा तर आधी चार गटांनी मिळून एक छप्पर उभारायचं. पीएमएफएमई या छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीच्या केंद्राच्या योजनेत गटांच्या सामाईक प्रक्रिया केंद्राला पस्तीस टक्के अनुदान आहे, आणि बचतगटातल्या प्रक्रियेचं काम करणाऱ्या प्रत्येक सदस्याला चाळीस हजारांपर्यंत बीजभांडवल. जिल्हा कृषी अधीक्षकांकडे विचारा. योजनेची मुदत सध्या कुठवर आहे तेही तिथेच कळेल.

बांडुंगच्या पाहुण्यांनी लिहिलेली गिरणी लक्षात ठेवा. आपल्याकडे ती गिरणी म्हणजे तुमचं सामाईक स्वयंपाकघर. तिथला ओटा, तिथलं मार्गारीन, तिथला इसेन्स एकदा नक्की झाला की चारही गटांची बिस्किटं त्यात बसतात.

दाखला घ्यायची वेळ आलीच तर आपल्याकडे जमियत उलमा-ए-हिंद हलाल ट्रस्ट, चेन्नईची हलाल इंडिया अशा संस्था आहेत. कुणाकडेही जा, दोन गोष्टी लेखी मागा: ज्या देशात माल जाणार त्या देशाने त्यांना आज मान्यता दिली आहे का, आणि फी, प्रवास, दरवर्षीचं नूतनीकरण धरून एकूण किती. तोंडी आकड्यावर जाऊ नका.

---

कोकमसरी

सगळ्यांचे मनापासून आभार. प्रतिसाद छापून गटाच्या बैठकीत वाचून दाखवले. काळी शेळी यांचा प्रतिसाद दोनदा वाचावा लागला.

ठरलं ते असं. शारजाच्या मुलाला फोन करून वाशीकरांचा प्रश्न विचारला. कायद्यासाठी नको आहे, शेजारच्या मोठ्या दुकानात माल ठेवायचा आहे. त्याला आंबापोळी आणि आगळासाठी घटकांची यादी आणि गटाचं पत्र चालेल. अरबी लेबल तो तिकडे करून फाइल पाठवेल, आम्ही इथे छापून लावू. माल आमच्या नावाने नाही, महाडच्या ज्या व्यापाऱ्याकडे आयईसी, म्हणजे आयात-निर्यात क्रमांक, आहे त्याच्यामार्फत जाईल. तो आपला टक्का घेईल, घेऊ दे. बिस्किटं सध्या नाही. व्हॅनिला काढून वेलची-जायफळ घालून बघितलं, वाडीतल्या पोरांनी परात रिकामी केली.

सामाईक स्वयंपाकघरावर मात्र बैठकीत खडाजंगी झाली. मोहल्ल्यातल्या बायका म्हणाल्या, छप्पर खाली आमच्याकडे, पाणी बारमाही आहे. वाडीतल्या म्हणाल्या, आम्ही रोज एवढं खाली-वर करायचं का, आणि मेमध्ये ओझं घेऊन? शिवाय एकीने हळूच विचारलं, एकाच ओट्यावर आमचं श्रावणातलं आणि त्यांचं मटणाचं व्हायचं का? त्यावर आपा म्हणाल्या, "मटण घरी शिजवू गो, इथे पैसे शिजवायचेत." सगळ्या हसल्या, पण प्रश्न मिटलेला नाही. कुणाकडे अशी मिश्र वस्तीची सामाईक जागा चालते का? नियम काय ठेवलेत?

---

पेक्टिन

नियम एकच ठेवा आणि भिंतीवर रंगवा: या जागेत मांस, मासे, अंडी आणि दारू असलेलं काहीही येणार नाही, घरचा डबाही नाही. डब्यासाठी बाहेर ओटा करा. हलालच्या तपासणीला ते चालतं, वाडीतल्यांच्या श्रावणाला चालतं, आणि उद्या मिरजेसारखं जैन गिऱ्हाईक आलं तर त्यालाही. एफएसएसएआयचा माणूस आला तर खूश होईल ते वेगळंच.

---

नानकटाई

+१. आमच्याकडे भट्टीपाशी हेच आहे, फक्त रंगवलेलं नाही. एक भर घालतो: भांडी वेगळ्या रंगाची घ्या आणि लग्नकार्याला उसनी देऊ नका. सगळ्यात मोठा घोटाळा तिथे होतो. "दोन पातेली द्या, उद्या आणून देतो," आणि ती परत येतात बिर्याणीचा वास घेऊन.

---

काळी_शेळी

ताई, जागेचं होईल तेव्हा होईल. ईदला अजून वेळ आहे, तोवर काटा तरी घ्या. कुठला घेतला ते फोटोसह टाकतो संध्याकाळी, आत्ता शेळ्या सोडायची वेळ झाली.